अटक झाली की लगेच संघाबाहेर काढावं का?

प्रश्न अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा आहे: खेळाडूला मैदानाबाहेरच्या प्रकरणात अटक झाली, तर संघाने काय करावं?

माझं मत: गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर लगेच खेळ बंद, पण कायमची हकालपट्टी चौकशीनंतर. शिष्यवृत्ती आणि वर्ग तोवर चालू ठेवावेत. आणि हा निर्णय प्रशिक्षकाच्या हातात अजिबात नसावा. ज्याची नोकरी सामने जिंकण्यावर टिकून आहे, त्यालाच न्यायाधीश कसं करायचं?

१९९५ चं नेब्रास्का विद्यापीठाचं प्रकरण आठवा. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) लॉरेन्स फिलिप्सला माजी मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी त्याला सहा सामने बसवलं आणि हंगाम संपण्याआधीच परत घेतलं. शिस्त आणि फुटबॉलचा आधार मिळाला तर पोरगा सुधारेल, असं त्यांचं म्हणणं. हेतू खरा असेलही. पण फिएस्टा बोल या विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात फ्लोरिडाला ६२-२४ ने लोळवताना फिलिप्स १६५ यार्ड धावला, आणि राष्ट्रीय विजेतेपद नेब्रास्काकडे गेलं. मग लोक काय म्हणणार?

उलट बाजूही आहे. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठाने (खेळ लॅक्रॉस, पण मुद्दा तोच) बलात्काराच्या आरोपांवरून संघाचा उरलेला हंगाम रद्द केला. पुढच्या वर्षी तिन्ही आरोपी खेळाडू निर्दोष असल्याचं खुद्द राज्याच्या महाधिवक्त्यांनी जाहीर केलं.

दारू पिऊन दंगा, किरकोळ भांडण वगैरेला मात्र एक-दोन सामने पुरेत. फक्त राखीव खेळाडूला जो नियम, तोच स्टार क्वार्टरबॅकला.