शेंडेमर बघूनच भुईमुगाचा वाण निवडा

पहिल्यांदाच भुईमूग करताय, म्हणून कळकळीने सांगतो: ‘प्रतिकारक वाण’ म्हणजे रोग येणारच नाही असं नव्हे. शेंडेमर हा फुलकिडे या बारीक किडींमार्फत पसरणारा विषाणूचा रोग. जेएल-२४ हा वाण त्याला लवकर बळी पडतो. कादिरी-३ वर शेतात रोग कमी दिसतो, पण विषाणू हाताने टोचला तर तोही आजारी पडतो. त्याला फुलकिड्यांचा उपद्रव कमी, एवढाच त्याचा बचाव. आयसीजीव्ही-८६०३१ मात्र विषाणूलाही बऱ्यापैकी दाद देत नाही.

कोवळी पानं उजेडात धरून बघत जा. फिकट गोल कडी दिसली, मग शेंडा करपला, बगलेतून खुरटे फुटवे आले, तर शेंडेमरच. लहान रोपाला लागण झाली की शेंगा जवळपास गेल्याच. आणि वाण कुठलाही असो, पेरणी विरळ करू नका, विरळ पिकात लागण जास्त होते.