जखम भरली, तरी व्रण वर का येतो?

“जखम भरून दोन महिने झाले, मग व्रण बसण्याऐवजी वर का येतो आहे? तो कापून का टाकत नाहीत?” भाजलेल्या व्यक्तींकडून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उकळत्या पाण्याने मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेल्या एका तरुणीने तो विचारला, तेव्हा उपचार फसले याबद्दल तिच्या मनात शंकाच उरलेली नव्हती.

जी जखम भरायला ३ आठवड्यांहून अधिक काळ लागतो, तिच्या जागी जाड, लालसर आणि खाजरा व्रण उठण्याची शक्यता जास्त असते, कारण तेथे कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) गरजेपेक्षा अधिक तयार होत राहते. असा व्रण पहिले काही महिने वाढतो आणि पुढे वर्ष-दीड वर्षात, कधी त्याहूनही सावकाश, मऊ व फिका होत जातो. मूळ जखमेची सीमा ओलांडून वाढणारा व्रण, म्हणजे केलॉइड, निराळा. तो नुसता कापला, तर बऱ्याचदा पुन्हा वाढतो. तिचा व्रण सीमेच्या आतच असल्याचे शल्यचिकित्सकांनी सांगितले होते, त्यामुळे कापण्याची घाई करण्याचे कारण नव्हते.

दिवसातले सुमारे २३ तास घालायची, व्रणावर दाब देणारी घट्ट बाही, सिलिकॉन जेलची पट्टी, मलम लावून मालीश आणि कोपराचे व्यायाम, असे उपचार ठरलेले होते. प्रत्यक्षात मात्र कार्यालयात सहकारी विचारतात म्हणून ती बाही फक्त रात्री घालत असे. (“नियमित घालता ना?” या प्रश्नाला जवळजवळ सगळेच होकार देतात, म्हणून मी “कुठे घालणे अवघड जाते?” असे विचारते.) मग आम्ही बाहीपेक्षा विचारणाऱ्यांबद्दलच अधिक बोललो. “गरम पाण्याने भाजले होते, उपचार चालू आहेत,” एवढेच उत्तर तिने ठरवले, माझ्यासमोर अनेकदा म्हणून पाहिले, आणि त्यापुढे काही सांगायला आपण बांधील नाही हेही तिला हळूहळू पटले.

खाज सोसायचीच असते, असा तिचा समज होता. खाजेसाठी औषधे असतात हे कळल्यावर तिने ती डॉक्टरांकडून मागून घेतली. व्रण फाटेल या भीतीने टाळलेले व्यायामही तिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू केले. सांधा आखडू लागला, तर व्रण निवण्याची वाट न पाहता शल्यचिकित्सकांना दाखवावे लागते, हे मी तिला स्पष्टपणे सांगून ठेवले.

काही महिन्यांनी मनगटाकडचा भाग बराच सपाट झाला. कोपराजवळची जाड पट्टी हटली नाही, म्हणून डॉक्टरांनी तेथे स्टिरॉइडची इंजेक्शने सुरू केली आहेत. लेझरचा निर्णय त्यांचा परिणाम पाहून होईल.