युनियन पॅसिफिकचा शेअर घेण्याआधी

अरे, युनियन पॅसिफिक म्हणजे अमेरिकेतली मालगाड्यांची रेल्वे कंपनी; तिच्या नफ्याच्या आकड्याने हुरळू नकोस. ऑपरेटिंग रेशो बघ: १०० डॉलर कमाईतले किती डॉलर गाड्या चालवण्यातच गेले, ते. जितका कमी तितकं बरं; ६० च्या आसपास म्हणजे उत्तम. मग माल बघ. वायोमिंगच्या कोळशाचे दिवस ओसरले, आता धान्य, रसायनं, कंटेनर. मुख्य टक्कर बीएनएसएफ या दुसऱ्या रेल्वे कंपनीशी, पण ती २०१० पासून बर्कशायर हॅथवे या गुंतवणूक कंपनीच्या खिशात, सुटा शेअर मिळायचा नाही.

नेब्रास्का राज्यातलं युनियन पॅसिफिकचं बेली यार्ड, म्हणजे मालडबे वेगळे करून लावायचं आवार, उपग्रह नकाशावर बघच एकदा. उंचवट्यावरून डबे एकेक करून घरंगळत सोडतात आणि वेगवेगळ्या रुळांवर लावतात. डबा यार्डात रेंगाळला की खर्च वाढलाच. तिमाही निकालात हे रेंगाळण्याचे तास दिलेले असतात. मी तरी तेच आधी शोधतो.