गाळ नव्हे, पोयटा. आणि 'मऊ' कुठून आला

प्रश्न असा आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, रोझमाउंटजवळ राहणाऱ्या एका ताईंनी घरामागच्या जमिनीची माहिती मातीच्या सरकारी नकाशात पाहिली. मातीचं नाव निघालं 'वॉकीगन सिल्ट लोम'. वर्णन होतं: प्रेअरीच्या गवताखाली तयार झालेली माती, वरचा थर सिल्टचा, खाली आउटवॉशची वाळू. सांगलीकडे शेती करणाऱ्या वडिलांनी फोनवर विचारलं, "माती कशी आहे गं?" ताईंनी सांगितलं, "गाळाची, काळी." वडील म्हणाले, "मग घर नदीच्या पात्रात घेतलंस का? आणि भेगा किती पडतात?" नदी दोन मैलांत नाही आणि भेग एकही नाही. तेव्हा ताईंचा सवाल: सिल्टला मराठीत गाळ म्हणायचं की पोयटा? आणि पोटप्रश्न, प्रेअरीला मराठी काय?

पोयटा. गाळ अजिबात नाही.

सिल्ट दिसलं की 'गाळ' लिहायची खोड भाषांतरकारांना लागली आहे आणि ती मी वर्षानुवर्षं वाचतो आहे. सिल्ट हे कणाच्या आकाराचं नाव आहे. अमेरिकी कृषिखात्याच्या मापाप्रमाणे ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरचा कण म्हणजे सिल्ट. त्याहून जाड ती वाळू, त्याहून बारीक ती चिकणमाती. तो कण कुठून आला, कसा आला, याच्याशी या नावाला देणंघेणं नाही. गाळ हा शब्द मात्र आकाराबद्दल काहीच सांगत नाही. गळणे, त्याचं प्रयोजक गाळणे, त्यावरून गाळ. पाणी गळून, निवळून, निथळून जे तळाशी राहतं तो गाळ. विहिरीचा गाळ काढतात, उसाचं गाळप होतं, २०१७ पासून राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. या सगळ्यांत द्रव आहे आणि गाळण आहे. गाळात बारीक रेती असेल, चिखल असेल, कुजका पालाही असेल. तरी तो गाळच.

आता ताईंच्या परसात काय घडलं ते पाहा, म्हणजे ही चूक किती उलटी आहे ते कळेल. शेवटच्या हिमयुगात त्या मुलखावर बर्फाची अफाट चादर होती. तिच्या कडेने वितळपाण्याचे लोट सुटले, त्यांनी वाळू आणि बारीक गोटे वाहून आणून सपाट पसरले. तो आउटवॉश. पुढे पाणी हटलं, उघड्या पडलेल्या नदीपात्रांतून वाऱ्याने पिठासारखी धूळ उचलली आणि त्या वाळूवर अंथरली. वाऱ्याने आणलेल्या या थराला भूशास्त्रात 'लोएस' म्हणतात. मूळ जर्मन शब्द, अर्थ सैल, सुटी. म्हणजे या जमिनीत पाण्याने आणलेला थर खालचा, वाळूचा. वरचा सिल्टचा थर वाऱ्याचा. गाळ म्हणायचंच असेल तर खालच्या वाळूला म्हणा, तिथे निदान पाणी तरी होतं! वरच्याला गाळ म्हणणं म्हणजे वाऱ्याचं काम पाण्याच्या नावावर टाकणं. ताईंच्या वडिलांनी 'गाळाची' ऐकून नदी शोधली यात त्यांची काहीच चूक नाही. त्यांचं मराठी चोख आहे.

पोयटा या शब्दावरही वाद घालणारे आहेत. शाळेच्या पुस्तकांत मुलं तीन प्रकार पाठ करतात, रेताड, पोयटा, चिकण. तिथे पोयटा म्हणजे मधली, मिश्र माती. म्हणून काहीजण म्हणतात पोयटा म्हणजे लोम, सिल्ट नव्हे. मला हा आग्रह पटत नाही. कृषी सल्ल्यात 'मध्यम, पोयट्याची, उत्तम निचऱ्याची जमीन' असं हळद-आल्याच्या पानापानावर असतं. रोपवाटिकेत पिशव्या भरताना 'पोयटा माती आण' म्हणतात तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर वाळू, सिल्ट, चिकणमातीच्या टक्केवारीचा त्रिकोणी तक्ता नसतो. बोटांत चोळल्यावर जी खरखरत नाही आणि चिकटतही नाही, ती पोयटा. सिल्टची खूण हीच तर आहे. कोरडी असताना मैद्यासारखी, ओली केली की रेशमी, पण तिची लांब वळी होत नाही, तुटते. सिल्ट लोम म्हणजे निम्म्याहून अधिक सिल्ट आणि चिकणमाती २७ टक्क्यांच्या आत. तिला पोयटा म्हणा, दोन्ही पक्षांचं समाधान होतं.

काळी या शब्दाचंही तसंच. आपल्याकडे काळी म्हटलं की बेसॉल्टवरची, फुगणारी-आक्रसणारी, चैतात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन. तिचा काळेपणा ह्यूमसच्या, म्हणजे कुजून मुरलेल्या पाल्यामुळांच्या, भरपूरपणातून येत नाही. तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा कमीच असतो. प्रेअरीची माती काळी आहे ती गवताच्या मुळांमुळे. हजारो वर्षं माणसाच्या उंचीचं गवत तिथे वाढलं, दर वर्षी त्याची मुळं जमिनीत मेली आणि कुजली. भेगा पडत नाहीत कारण फुगणारी चिकणमाती तिथे फार नाही. एकच रंग, कारणं दोन. वडिलांना 'काळी' सांगताना 'मुळ्यांनी काळी झालेली' असं सांगा.

आता ज्यासाठी मला हा प्रश्न आवडला तिकडे येतो. अहवालात खाली बारीक अक्षरात या मातीचं वर्गनाव असेल: मॉलिसॉल. जगातल्या गवताळ प्रदेशांतल्या काळ्या मातींचा हा गण. लॅटिन 'मॉलिस' म्हणजे मऊ, 'सोलम' म्हणजे जमीन. अक्षरशः 'मऊ माती'. आणि हा मॉलिस नुसता अर्थाने मऊ नाही, तो आपल्या मऊचा सख्खा नातेवाईक आहे.

संस्कृत मृदु. मृदुक, प्राकृतात मउअ, मराठीत मऊ. लॅटिन मॉलिस आणि संस्कृत मृदु एकाच मूळ धातूतून आले, हे युरोपीय व्युत्पत्तिकोशांत सर्रास सापडतं. र आणि ल यांची अदलाबदल आपल्या वैयाकरणांना नवी नाही, 'रलयोरभेदः' ते म्हणतच आले. ऋचा अ झाला हेही मराठीत घरचंच: तृणाचं तण झालं, मृत्तिकेची मत्तिआ आणि मग माती झाली, मृदुचा मऊ झाला. तीन शब्द, एकच वाट. आणि तिन्ही शेतातले.

माती आणि मऊ या बहिणी आहेत, असं माझं मत आहे. हे मत मी सोडणार नाही. मृत्तिकेच्या मुळाशी मृद्, म्हणजे माती. तो शब्द मृद् या धातूवरून, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिला आहे 'मृद क्षोदे', चुरणे, भुगा करणे. जे चुरलं गेलं ते मृद्. खडक चुरून माती होते, याहून नेमकी व्याख्या कुठल्या भूशास्त्राच्या पुस्तकात आहे? मृदु मात्र उणादिसूत्रात, म्हणजे धातूंवरून शब्द साधायच्या जुन्या व्याकरणसूत्रांत, म्रद् या वेगळ्या धातूवरून साधतात. त्याच सूत्रात पृथु आणि भृगुही आहेत. म्हणून काही व्युत्पत्तिकार म्हणतात की मृद् आणि मृदु यांची मुळं निराळी, जुन्या भाषेत त्यांचे व्यंजनच वेगळे. माझं त्यांना एवढंच सांगणं: धातुपाठात म्रद्चा अर्थ काय दिलाय तो पाहा. 'मर्दने'. म्हणजे तोच मृद् पुन्हा दारात! चुरलेलं ते मऊ, चुरलेली ती माती. वैयाकरणांनी धातू दोन मोजले तरी अर्थ त्यांना एकत्रच ठेवावा लागला.

मर्दनाची मराठी लेक पाहिली की शंका आणखी कमी होते. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात मृद्च्या जागी जे आदेश, म्हणजे पर्यायी धातू, दिले आहेत त्यांत पहिला आहे 'मल'. तोच आपला मळणे. कणीक मळतो ती मऊ व्हावी म्हणून. खळ्यावर मळणी होते तीही चुरूनच. मळणे, मऊ आणि माती, तिन्ही एका ओळीत उभे केले की मला तरी एकच घर दिसतं.

मराठी माणसाच्या जिभेवर ही जोडी अजून जिवंत आहे. 'मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये.' म्हणीत मातीचं नाव नाही, कारण गरज नाही. मऊ म्हटलं आणि खणणं म्हटलं की माती आलीच. मृदाशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात लॅटिनमध्ये जाऊन जे नाव घडवलं, ते या म्हणीत आधीच होतं.

याउलट 'माती म्हणजे माता, मातेवरून माती' हे फिरत राहणारं वाक्य. भूमीला माता मानणं वेगळं आणि शब्दाची व्युत्पत्ती वेगळी. मातेचं प्राकृतात माआ झालं, तिथून माय. त्या वाटेवर माती कुठेच लागत नाही. मृत्तिका एवढी उघड समोर असताना माता ओढून आणायची गरज काय? भाषणात टाळ्या मिळतात म्हणून हे पसरतं, आणि मग शाळेच्या फलकावर जातं. कृपा करून पसरवू नका.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजी 'मेल्ट', वितळणे, हाही मॉलिसच्याच गोतातला. मऊ पडणं ते वितळणं. आता ताईंच्या परसातली माती पुन्हा डोळ्यांसमोर आणा. खालची वाळू आणली ती मेल्टवॉटरने, बर्फाच्या वितळपाण्याने. वरचा काळा थर मॉलिसॉलचा. दोन थर, दोन वाहक, पाणी आणि वारा. आणि दोन्ही थरांच्या गोष्टीत तोच मृदु. मी हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा रात्री उठून कोश पुन्हा उघडला होता.

प्रेअरीला मराठी काय, हा पोटप्रश्न होता. माळरान नको. माळ म्हटलं की पातळ, मुरमाड, खडक वर आलेली जमीन. कुरण हे राखलेलं असतं. प्रेअरी हा शब्द फ्रेंच, मूळ लॅटिन 'प्रातुम', गवताळ जागा. भूगोलाच्या पुस्तकांनी प्रेअरी मराठीत रुजवला आहे, तोच वापरा.

आणि वडिलांना काय सांगायचं? त्यांना शेती कळते, तेव्हा नावापेक्षा वागणूक सांगा. वरचा पोयटा साधारण दीड ते सव्वातीन फूट, म्हणजे ५० ते १०० सेंटिमीटर. कुदळ लोण्यात शिरल्यासारखी जाते आणि मग एकदम खर्रकन वाळूला लागते. निचरा चांगला, पावसानंतर वाफसा लवकर येतो. त्यांना वाटेल खाली वाळू आहे म्हणजे पाणी लगेच पळून जाईल. तसं होत नाही. ओला स्पंज जाड खडीवर ठेवला तर तो पाणी खाली सोडत नाही, पूर्ण भिजून ओथंबायला लागला की मगच सोडतो. पोयट्याचे बारीक पोकळ मार्ग पाणी धरून ठेवतात, वाळूची मोठी भोकं ते ओढू शकत नाहीत. म्हणून खाली वाळू असल्यामुळेच वरचा थर एरवीपेक्षा थोडं जास्त पाणी धरतो. पण एकदा ते वाळूत उतरलं की थांबत नाही, सरळ भूजलात. नायट्रेट खत एकदम ओतलं तर तेही त्याच वाटेने जातं, कुणाच्या तरी विहिरीत. खत थोडं थोडं, हप्त्याने द्यायचं. हे वडिलांना सांगायची गरज नाही, तेच तुम्हाला सांगतील.

फोनवर एका वाक्यात हवं असेल तर: "दादा, वर वाऱ्याने आणलेला मऊ काळा पोयटा, खाली पाण्याने आणलेली वाळू. भेगा नाहीत, नदी नाही."