पोटरीचं दुखणं थांबलं म्हणजे पाय तयार झाला का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : क्रीडा विभाग

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या २०१९च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीतून परतला आणि बारा मिनिटं खेळून पुन्हा जायबंदी झाला. २०२५च्या अंतिम मालिकेत इंडियाना पेसर्सच्या टायरिस हॅलिबर्टनचंही जवळपास तसंच झालं आणि दुखापत झालेल्या खेळाडूला कधी उतरवावं, हा जुना वाद पुन्हा उफाळला. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

गोल्डन स्टेट वॉरियर्सने ड्युरंटला घाईघाईत उतरवलं, असं अजूनही म्हटलं जातं. नेमकं काय घडलं आणि चूक कुणाची? (पुणे)

८ मे २०१९ रोजी बाद फेरीत ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्धच्या मालिकेतल्या पाचव्या सामन्यात, तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटाकडे, शॉट मारून खाली आलेल्या ड्युरंटची उजवी पोटरी दुखावली. ह्यूस्टनविरुद्धचा पुढचा सामना, पोर्टलँडविरुद्धची अख्खी मालिका आणि टोरांटो रॅप्टर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेतले पहिले चार सामने तो बाहेर होता. तोवर टोरांटो ३-१ने पुढे गेलं होतं. आणखी एक पराभव झाला असता तर वॉरियर्सचा खेळ संपला असता. ९ जूनला ड्युरंटने संघाबरोबर सराव केला आणि १० जूनला तो टोरांटोत मैदानात उतरला. आपल्याकडे तेव्हा ११ जूनची सकाळ होती. त्याने ११ गुण केले, लांबून मारलेले तीन गुणांचे तिन्ही शॉट आत गेले. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला टोरांटोचा सर्ज इबाका समोर असताना चेंडू खेळवत दिशा बदलायला त्याने उजवा पाय रेटला आणि त्याच पायाचा अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर, तुटला. वॉरियर्सने तो सामना १०६-१०५ असा जिंकला, पण पुढच्या सामन्यात त्यांच्याच क्ले थॉम्पसनचा एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, फाटला आणि करंडक टोरांटोने नेला.

सामन्यानंतर संघाचे व्यवस्थापक बॉब मायर्स यांनी रडत सांगितलं की दोष द्यायचाच असेल तर मला द्या. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी नंतर सांगितलं की सगळी माहिती गोळा केल्यावर फार तर पोटरी पुन्हा दुखावेल, एवढाच धोका त्यांना दिसत होता. आमच्या मते चूक नेमकी इथे आहे. कुणी काही लपवल्याचं दिसत नाही. खुद्द ड्युरंटनेही पुढे संघाला दोष दिला नाही. आपल्यावर कुणी दबाव आणला नव्हता, असंच तो म्हणाला. पण विचार झाला तो फक्त दुखावलेल्या स्नायूचा. तेहतीस दिवस सामन्याचा ताण न घेतलेला संपूर्ण पाय अंतिम मालिकेच्या वेगाला टिकेल का, हे तपासायला हवं होतं आणि त्यासाठी एका दिवसाचा सराव पुरत नाही.

दुसरी गोष्ट मिनिटांची. पडला तोवर सामन्याची चौदाएक मिनिटं झाली होती आणि त्यातली बारा तो मैदानात होता. महिन्याने परतणाऱ्या खेळाडूला चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांत खेळवतात. दोन तुकड्यांमध्ये तो सायकलवर पाय गरम ठेवतो, पोटरी कशी वाटते ते फिजिओ विचारतो आणि मग पुढचा तुकडा ठरतो. तसं केलं असतं तर टेंडन नक्की वाचला असता असं कुणीच म्हणू शकणार नाही. पण ज्याच्यावाचून सामना हातातून जाईल असं वाटतं, त्याला बाकावर बसवणं प्रशिक्षकाला जमत नाही. म्हणूनच मिनिटांची मर्यादा सामन्याआधी लिहून ठेवावी आणि ती पाळायला लावण्याचा अधिकार वैद्यकीय पथकाकडे असावा.

ड्युरंटचा टेंडन पहिल्याच वेळी फाटला होता आणि निदान चुकलं, असं वाचलं. पोटरी आणि टाच यांचा संबंध तरी काय? (नाशिक)

पहिल्या वेळी ड्युरंटने मागे वळून पाहिलं, जणू कुणी लाथ मारली. अकिलिस तुटलेले खेळाडू हमखास असंच करतात, म्हणून समालोचकांनाही तीच शंका आली. एमआरआयमध्ये मात्र दुखापत पोटरीच्या स्नायूची निघाली.

संबंध अगदी सरळ आहे. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा फुगीर गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर सुरू होतो, त्याखालचा चपटा सोलियस गुडघ्याच्या खाली. दोन्ही खाली येऊन एकाच जाड टेंडनमध्ये मिळतात आणि तो टाचेच्या हाडाला चिकटतो. धावताना या टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. स्नायू हा ताण झेलतो, हळूहळू सोडतो. तो अशक्त असला, लवकर दमला किंवा दुखेल या भीतीने आखडला, की झटका टेंडनवर जास्त बसतो. शिवाय महिनाभराच्या विश्रांतीत टेंडनची ताण सोसण्याची सवयही कमी होते. पोटरीच्या दुखापतीमुळेच टेंडन तुटतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी हॅलिबर्टनची उजवी पोटरी १६ जून २०२५ला पाचव्या सामन्यात दुखावली, तो सहावा खेळला आणि २२ जूनला सातव्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याच पायाचा अकिलिस गेला. हा क्रम डोळ्यांआड करणारा डॉक्टर आता सापडू नये.

खेळायचं की नाही हे शेवटी कोण ठरवतं? संघाचा डॉक्टर हो म्हणाला तर खेळाडू नाही म्हणू शकतो का? (ठाणे)

म्हणू शकतो. एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या करारानुसार खेळाडूला दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं. कवाय लेनर्डचं उदाहरण घ्या. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या टेंडनच्या दुखण्यामुळे २०१७-१८च्या हंगामात तो सॅन अँटोनिओ स्पर्सकडून जेमतेम नऊ सामने खेळला. संघाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती, त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांनी नव्हती. सहकाऱ्यांनी बैठक घेऊन परत ये म्हणून सांगितल्याच्या बातम्या आल्या, संबंध बिघडले आणि जुलै २०१८मध्ये स्पर्सने त्याला टोरांटोला पाठवलं. टोरांटोने विश्रांतीचं वेळापत्रक आखून त्याला ८२पैकी ६० सामनेच खेळवले. २०१९मध्ये वॉरियर्सला हरवणारा आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तो हाच लेनर्ड.

म्हणून थांबणंच नेहमी बरोबर, असंही समजू नका. शिकागोचा डेरिक रोझ २८ एप्रिल २०१२ला गुडघ्याचा एसीएल फाटून बाहेर गेला. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरही २०१२-१३चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही आणि शहराने त्याला नको नको ते ऐकवलं. पुढच्या हंगामात परतला आणि नोव्हेंबर २०१३मध्ये दुसऱ्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, फाटला. गंमत म्हणजे त्याच २८ एप्रिलला न्यू यॉर्कच्या इमान शम्पर्टचाही एसीएल गेला होता आणि तो जानेवारी २०१३मध्ये मैदानात होता. गुडघा तोच, तारीख तीच, तरी वेळ वेगळा लागला. कॅलेंडर बघून खेळाडूला भित्रा ठरवणारे लोक आम्हाला म्हणूनच पटत नाहीत.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. पोटरी दुखावून दहा दिवस झाले, चालताना दुखत नाही. तीन आठवड्यांनी जिल्हास्तरीय स्पर्धा आहे. सर म्हणतात, उतरव. काय करू? (सांगली)

सरांना तारीख विचारू नका, चाचण्या विचारा. त्याआधी दुखापत किती मोठी आहे ते अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. सौम्य ताण एक ते तीन आठवड्यांत भरतो, स्नायू अर्धवट फाटला असेल तर चार ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण फाटल्यास काही महिने.

आता पायऱ्या. न लंगडता, भरभर अर्धा तास चालता येणं ही पहिली. मग भिंतीला हात टेकून दोन्ही पायांवर टाचा उचलायच्या, पंधराचे तीन संच. ते सहज जमलं की एका पायावर. गुडघा सरळ ठेवून करायचं तसंच किंचित वाकवूनही करायचं, कारण वाकलेल्या गुडघ्यात सोलियसला काम पडतं आणि नेमका तोच व्यायाम बहुतेक जण गाळतात. चांगल्या पायावर ती सलग पंचवीस वेळा टाच उचलत असेल तर दुखऱ्या पायावर निदान बावीस-तेवीस झाल्या पाहिजेत, तेही तेवढ्याच उंचीपर्यंत. टाच अर्धीच वर जात असेल तर ती मोजायची नाही.

त्यानंतर संथ धावणं : एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा. मग एका पायावर उड्या, जागच्या जागी आणि पुढे. मग सत्तर, नव्वद आणि शंभर टक्के वेगाने सरळ धावणं. दिशा बदलणं, मागे सरकत बचाव करणं आणि अचानक थांबणं सगळ्यात शेवटी, कारण बास्केटबॉलमध्ये पोटरी जाते ती तिथेच. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं कशी पडतात ते बघा. ताठरपणा किंवा दुखणं वाढलं असेल तर एक पायरी मागे. संघाबरोबर दोन-तीन पूर्ण सराव झाल्याशिवाय सामना नाही, आणि पहिल्या सामन्यात एकूण आठ-दहा मिनिटं पुरेत.

बिघडतं कुठे, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात मालीश केल्याने किंवा पोटरी ताणल्याने. नंतर वेदनाशामक गोळी घेऊन सराव केल्याने, कारण त्यात थांबण्याची खूणच पुसली जाते. सिमेंटच्या कोर्टावर टाच झिजलेले बूट हे तिसरं कारण. स्पर्धा पुढच्या वर्षीही आहे, हे सरांना स्पष्ट सांगा. ते सांगणं तुमचंच काम आहे, सोळा वर्षांच्या मुलीवर टाकू नका.

अकिलिस तुटलाय हे मैदानावर कसं ओळखायचं? (नागपूर)

‘टप्प’ असा आवाज, मागून लाथ बसल्यासारखं वाटणं आणि चवड्यावर उभं राहता न येणं. खेळाडूला पालथं झोपवा, पावलं कडेबाहेर सोडा आणि पोटरी दाबा. चांगल्या पायाचं पाऊल दाबल्यावर हलतं; तुटलेल्याचं हलत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, चालवत नेऊ नका. तुटलं नसलं तरी पोटरी सुजून गरम झाली असेल तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हाही मालीश न करता डॉक्टरकडेच जा.

एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांमुळे टेंडन तुटण्याचा धोका वाढतो, सोबत स्टेरॉइड चालू असेल तर आणखी. जुलाब झाले की दुकानातून परस्पर अशी गोळी घेऊन संध्याकाळी सरावाला जाणारे खेळाडू आहेत. औषध लिहून घेताना आपण खेळतो हे डॉक्टरला सांगा.

ड्युरंटचं त्यात नुकसान किती झालं? (न्यू जर्सी)

पैशांचं फारसं नाही. त्याच उन्हाळ्यात ब्रुकलिन नेट्सने त्याच्याशी चार वर्षांचा सुमारे १६.४ कोटी डॉलरचा करार केला आणि पहिलं पूर्ण वर्ष तो खेळणार नाही हे माहीत असून केला. तो परतला २२ डिसेंबर २०२० रोजी, योगायोगाने वॉरियर्सविरुद्धच, आणि २२ गुण केले. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णही जिंकलं. पण मधली अठरा महिन्यांची दुरुस्ती त्याला मिळाली ती जगातल्या उत्तम सोयींसह, आणि उंची व शॉटवर चालणारा त्याचा खेळ वेगावर फार अवलंबून नाही. हॅलिबर्टनच्या बाबतीत इंडियाना पेसर्सने २०२५-२६चा संपूर्ण हंगाम त्याला विश्रांती द्यायचं आधीच जाहीर करून टाकलं. परतीची तारीख विचारत बसायला कुणाला जागाच उरली नाही, हे त्यांनी चांगलं केलं.