नामिबियाचं वाळवंट आणि एतोशाचे पाणवठे: 12 दिवसांत काय बसवावं?

तुमच्याकडे 12 दिवस आहेत, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. त्यात केप टाउन, व्हिक्टोरिया धबधबा, ओकावांगो आणि नामिबचं वाळवंट एवढं सगळं कसं बसवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: पहिली तिन्ही ठिकाणं या खेपेला सोडा. एकटा नामिबिया करा आणि त्यातही एतोशा या राष्ट्रीय उद्यानाला चार रात्री द्या.

मी नागपूरची. लहानपणापासून जंगल म्हणजे जिप्सीतून वाघाच्या मागावर फिरणं, हेच माहीत होतं. पण मला खरं जंगल दिसलं ते बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेत, पाणवठ्याशेजारच्या मचाणावर रात्रभर गप्प बसून. आपण कुठे जायचं नाही; जे यायचं ते येईल. एतोशात ती बुद्धपौर्णिमा रोज रात्री असते.

ओकाउकुएयो या सरकारी कॅम्पला लागूनच पाणवठा आहे. मध्ये बुटकी भिंत, अलीकडे बाकं, आणि अंधार पडला की पाण्यावर मंद पिवळा उजेड. खोलीपासून चालत जायचं आणि बसायचं. आम्ही जूनमध्ये गेलो होतो. पहिल्या रात्री दीड तास फक्त कोल्हे आले. मग काळा गेंडा आला, मागे पिल्लू. सत्तरीच्या माझ्या सासूबाई शाल गुंडाळून पावणेबारापर्यंत जागच्या हलल्या नाहीत. जिराफ पाण्याशी येऊन वीस मिनिटं नुसता उभा राहिला. पाय फाकवून मान खाली घातली की तो सिंहाच्या तावडीत सापडू शकतो, म्हणून खात्री पटेपर्यंत तो वाकत नाही. हे माझ्या मुलाने स्वतः बघून ओळखलं, कुणी सांगावं लागलं नाही. म्हणून म्हणते, मुलीला रात्री लवकर झोपवू नका.

दिवसा आपलीच गाडी, आपलाच वेग. रस्ते पाणवठ्यांना जोडलेले आहेत. एक निवडा, इंजिन बंद करा, तासभर थांबा. हत्ती पांढरे दिसतील, कारण तिथली चुनखडीची धूळ अंगावर घेतात. पार्कच्या मधोमध सुमारे 4,800 चौ. किमीचं मिठागरासारखं कोरडं पात्र आहे. त्याच्या काठावर गाडी थांबवली की क्षितिज कुठे संपतं ते कळत नाही. कॅम्प आणि कुंपणातली स्वच्छतागृहं सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही, आणि सूर्यास्ताच्या आत कॅम्पमध्ये परतायचं. कुनोत सप्टेंबर 2022 मध्ये आलेले पहिले आठ चित्ते याच देशातले, हे मुलीला आधी सांगून ठेवा. आम्हाला मात्र चार दिवसांत एकही चित्ता दिसला नाही.

आता वाळवंट. राजधानी विंडहुकहून सेस्रिएम, म्हणजे वाळवंटाचं फाटक, साधारण 350 किमी, त्यातला बराच रस्ता खडीचा. मुक्काम फाटकाच्या आतल्या कॅम्पात मिळाला तर घ्याच, कारण आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या आधी पुढे सोडतात. तिथून वाळूच्या टेकड्यांमधल्या सोसुसव्लेईकडे 60 किमी डांबरी रस्ता आहे, शेवटचे पाच किलोमीटर भुसभुशीत वाळू. तिथे स्वतः गाडी घालू नका, फोर-बाय-फोरची शटल घ्या. तिथल्या डेडव्लेई या कोरड्या पात्रापर्यंत वाळूतून किलोमीटरभर चाल आहे. सकाळी आठच्या आत आई-बाबांना जमेल, दहानंतर नाही. तिथली बाभळीच्या जातीची झाडं शेकडो वर्षांपूर्वी मेली. वाळूच्या टेकड्यांनी नदीची वाट अडवली, पाणी तुटलं, आणि हवा इतकी कोरडी की लाकूड कुजलंच नाही. काळी झाडं, पांढरी जमीन, मागे लाल वाळू. मी तिथे फोटो काढायचं विसरून गेले होते.

जाताना सेस्रिएमची घळही बघा. ‘सेस्रिएम’ म्हणजे सहा वाद्या. पूर्वी बैलगाडीवाले सहा चामडी वाद्या एकमेकींना बांधून घळीतलं पाणी शेंदत.

मग समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड गावात दोन रात्री. समुद्रातल्या थंड प्रवाहामुळे सकाळी दाट धुकं असतं, स्वेटर लागेल. वाल्विस बेला फ्लेमिंगो बघा, पाठी टेका, कपडे धुवा. पुढचा एतोशापर्यंतचा पल्ला मोठा आहे, तेव्हा वाटेत एक मुक्काम करा.

काळ कोणता? डिसेंबर नको. पाऊस सुरू झाला की प्राणी पाणवठ्यांवर यायची गरज उरत नाही. मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा आई-बाबांना सोसेल. रात्री कडाक्याची थंडी असते, कानटोप्या न्या. दिवाळीच्या सुट्टीत प्राणी सर्वांत जास्त दिसतील, पण ऊन विदर्भातल्या मेसारखं.

गाडी चालवण्याबद्दल मी कळकळीने सांगते. वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने आहे, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण खडीवर ताशी 80 च्या वर गेलात आणि अचानक ब्रेक दाबला की गाडी घसरते, उलटते. अंधार पडल्यावर चालवूच नका, कूडू नावाची मोठाली हरणं रस्त्यात उभी असतात. दोन स्टेपनी मागून घ्या आणि जॅक तिथेच लावून बघा. आम्हाला दिलेला जॅक गंजलेला निघाला. सेस्रिएमच्या वाटेवरच्या सॉलिटेअर या वस्तीच्या अलीकडे पंक्चर झाल्यावर तासभर उन्हात थांबलो, शेवटी एका शेतकऱ्याच्या गाडीतला वापरला. दिसेल त्या पंपावर टाकी भरा. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.

एतोशात मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारा. विमान अदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराची लस लागेल का तेही विचारा; लागली तर निदान दहा दिवस आधी घ्या.

जेवणाचं म्हणाल तर खोलीत स्वयंपाकाची सोय असलेली जागा बघा. आम्ही मूगडाळ आणि तांदूळ नेले होते, रात्री पाणवठ्यावरून परतल्यावर गरम खिचडी व्हायची. एतोशातल्या खोल्या आधी पक्क्या करा, नंतर विमान.