पावसाच्या नोंदी सांभाळणं ही कारकुनी नाही

तू निफाडचा, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. रिमोट सेन्सिंगमध्ये, म्हणजे उपग्रहावरून पृथ्वीच्या नोंदी घेण्याच्या कामात जायचंय, पण ‘हवामानाचा डेटा सांभाळणं म्हणजे कारकुनी, त्यात शास्त्रज्ञ कसला?’ असं घरचे म्हणतात. याच कामात माझी बावीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला माझ्याकडे नाशिक जिल्ह्याचं काम आलं. उपग्रहावरून काढलेला पाऊस पर्जन्यमापकांच्या नोंदींशी ताडून पाहायचा होता. आकडे जुळेनात. उपग्रहाला पाऊस दिसला त्या दिवशी केंद्रावर शून्य, आणि दुसऱ्या दिवशी भरपूर. तीन आठवडे मी सूत्रं तपासत बसले. घोळ तारखेचा होता. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या सकाळच्या तारखेला लिहितात. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळचा पाऊस वहीत बुधवारचा होतो. उपग्रहाचं घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच्या लेखी तो मंगळवारचाच. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. कुठला आकडा कुठल्या वेळेचा, हे मात्र मला मिळालेल्या फायलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहिणं म्हणजे मेटाडेटा, आणि तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं.

तारखा जुळवल्यावरही इगतपुरी जुळेना. सिन्नर बऱ्यापैकी जुळलं. दोन्हींत अंतर पन्नास-साठ किलोमीटर, पण एक घाटमाथ्यावर, दुसरं पर्जन्यछायेत. उपग्रहावरचा अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण टिपणारा सेन्सर ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो. माथा जितका थंड, तितका पाऊस जास्त धरला जातो. घाटात कमी उंचीचे, उबदार माथ्याचे ढगही धो धो बरसतात आणि उपग्रह तो पाऊस कमी दाखवतो. हे माहीत नसलेला माणूस इगतपुरीचा खरा आकडा चुकीचा समजून खोडून टाकेल. कुठला आकडा ठेवायचा हे भौतिकशास्त्र कळल्याशिवाय ठरवता येत नाही. घरच्यांना हेच सांग.

आपले हवामान उपग्रहही बदलत गेले: इन्सॅट-३डी २०१३ मध्ये अवकाशात गेला, ३डीआर २०१६ मध्ये, ३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये. प्रत्येकाचा सेन्सर वेगळा, शिवाय वर्षांगणिक जुना होत जाणारा. कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचं माप बरोबर आहे का हे न तपासता त्यांच्या नोंदी सलग जोडल्या, तर जमीन न तापताही आलेखात तापलेली दिसू शकते.

पुढच्या शिक्षणासाठी पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचं एम.एस्सी. आहे, नंतर देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या रिमोट सेन्सिंग संस्थेत एम.टेक. करता येतं. सुरुवातीची काही वर्षं कंत्राटी प्रकल्पांवर जाऊ शकतात, त्याची घरी आधीच कल्पना दे. अहमदाबादच्या मॉसडॅक या इस्रोच्या उपग्रह-डेटाच्या संकेतस्थळावर आजच नाव नोंदव, इन्सॅटची एखादी फाइल उतरव आणि पायथनमध्ये उघड. गंगापूर धरणाचं पाणी महिन्यामहिन्याला किती पसरलं ते सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रांवरून काढ. पावसाळ्यात ढग आडवे येतील, तेव्हा सेंटिनेल-१चं रडार घे, त्याला ढगांपलीकडचंही दिसतं.

द्राक्षबाग आहे म्हणालास. मग वडिलांकडे छाटणी-फवारणीची वही असेल, त्यात पावसाच्याही नोंदी असतील. त्या तक्त्यात उतरव. पाऊस सकाळी मोजायचे की संध्याकाळी, आणि मापक बागेत कुठे होता, हे वडिलांना विचारून सगळ्यात वर लिही.